एकेचाळीस डॉक्टर आणि अम्मांचा पाय

शांतम्मांना उभं केलं ते आम्ही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढं या हकिगतीत मी पायांच्या शिरांचा डॉक्टर म्हणून येतो आणि माझ्याविषयी भलताच आदर वाटायची भीती आहे.

वीस वर्षांपूर्वीचं लातूर. आम्ही सात जण सीईटीची तयारी करायला खेड्यापाड्यांतून आलेलो. मी मुरुडचा, वैजनाथ. क्लासच्या मागच्या गल्लीत पत्र्याच्या दोन खोल्यांत शांतम्मा आणि त्यांचे मालक शिवमूर्तीअप्पा खानावळ चालवायचे. दोघंही निलंग्याच्या पलीकडले, जिथून सायकलवर कर्नाटकात जाऊन पीठ दळून आणता येतं अशा गावचे. अम्मांची मराठी कानडीत भिजलेली. 'ऊट झालं का रे?' असं विचारायच्या. ऊट म्हणजे जेवण. नवं पोरगं आधी दाराबाहेर डोकावून उंट शोधायचं.

अम्मा चुलीपुढं मांडी घालून बसायच्या, काठवटीत पीठ मळायच्या आणि धुरात डोळे बारीक करून भाकरी थापायच्या. तशी भाकरी मी नंतर कुठं खाल्ली नाही. सातातल्या पाच जणांना मेडिकलला प्रवेश मिळाला आणि आम्हाला कृतज्ञता दाटून आली. पहिल्या वर्षाचं अर्धं पुस्तक वाचलेल्या पोराला कृतज्ञता दाटून आली की तो कुणाचं ना कुणाचं भलं केल्याशिवाय राहत नाही. आम्ही ठरवलं, अम्मांनी यापुढं धुरात बसायचं नाही. सगळ्यांनी हातभार लावून काळ्या कडप्प्याचा, कमरेइतका उंच ओटा बांधून दिला. वर गॅसची शेगडी ठेवली. नारळ मी फोडला. भाषणही मीच केलं. "आजपासून आमच्या अम्माला बसावं लागणार नाही," असं मी म्हणालो, टाळ्या पडल्या. अम्मांनी पदरानं डोळे टिपले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला अम्मा ओट्यापुढं उभ्या राहिल्या, त्या उभ्याच राहिल्या. सीईटी जाऊन नीट आली, पत्रा जाऊन स्लॅब आला, चाळीस ताटांची दीडशे झाली. सकाळी पाच ते अकरा, संध्याकाळी चार ते दहा. दुपारी भाजी निवडायला म्हणून टेकावं, तर तेवढ्यात गावाहून कुणाचे तरी आईबाप यायचे आणि पोराच्या तब्येतीची खबर अम्मा उभ्यानंच द्यायच्या.

अप्पांचं काम बसून. दाराशी टेबल, टेबलावर पंखा, आणि जेवायला येणाऱ्याच्या कार्डावर खूण करायची. त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीवर फोटो. ही कल्पना अप्पांचीच. लातुरात क्लासवाले चौकाचौकांत आपल्या पोरांचे फ्लेक्स लावतात. अप्पांनी विचार केला, पोरं काय नुसत्या क्लासवर पास होतात? मग आपल्याकडं जेवून मेडिकलला लागलेल्या प्रत्येकाचा फोटो चौकटीत घालून लावायचा, खाली नाव, आणि सगळ्यांच्या वर पाटी: 'आमच्या भाकरीचे डॉक्टर.' एकेचाळीस झाले होते. माझा फोटो वरच्या रांगेत दुसरा. त्यात मला मिशी आहे.

बसून बसून अप्पांना मूळव्याध झाली. तिच्यावर या एकेचाळिसांपैकी निदान सहा जणांनी फोनवर औषधं सांगितली. अप्पा संकोची नव्हते.

अम्मा होत्या.

पायाचं नक्की कधी सुरू झालं ते अम्मांना सांगता येत नाही. आठवतं ते पैंजण. डाव्या पायातलं पैंजण संध्याकाळी रुतायचं आणि सकाळी पुन्हा सैल व्हायचं. अम्मांनी निदान केलं, चांदी खोटी आहे. सोनाराशी भांडून त्यांनी पैंजण बदलून आणलं. तेही रुतायला लागलं, तेव्हा सगळा सराफाच बिघडलाय असं म्हणून दोन्ही पैंजणं काढून डब्यात ठेवली. सूज होती तशीच राहिली, पण ती दाखवणारं काही उरलं नाही.

पोटरीवर निळसर शिरा गांडुळासारख्या वर आल्या होत्या. त्याचं अम्मांना काही वाटलं नाही. त्यांच्या आईच्या पायावरही तशाच होत्या, आजीच्याही. राबणाऱ्या बाईच्या पायावर त्या असायच्याच, असं त्या धरून चालल्या. मग घोट्याच्या वर, आतल्या बाजूला खाज सुटली. कातडी आधी तांबूस झाली, मग तपकिरी, मग काळपट आणि कडक. अम्मांना वाटलं मळ धरलाय. न्हाणीत बसून त्या वजरीनं घासायच्या. घासलं की लाल व्हायचं, दुसऱ्या दिवशी आणखी काळं.

भाजी चिरायला आणि भांड्यांना येणाऱ्या सरजाबाईंनी एकदा बघितलं आणि सांगितलं, "इसब हाय हे. वांगं बंद कर." अम्मांनी वांगं बंद केलं. औषधाच्या दुकानातून, पाय न दाखवता, नुसतं तोंडी वर्णन करून गजकर्णाची ट्यूब आणली. तिनं खाज थांबली आणि कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली. एके दिवशी गॅसच्या टाकीची कडा घोट्याला नुसती घासली आणि कातडी उकलली. पाणी झिरपायला लागलं. अम्मांनी हळद भरली, मग खोबरेल, मग कुणीतरी दिलेली पिवळी पूड. रुपयाएवढी जखम पुरीएवढी झाली.

एवढ्यात एका क्लासवाल्यानं गल्लीत फुकट साखर तपासायचं शिबिर घेतलं. अम्मा गेल्या. बोट पुढं केलं. साखर नव्हती. अम्मांच्या हिशेबानं जखम बरी न होणारा रोग एकच, साखरेचा. तो नाही म्हटल्यावर कुठलाच नाही.

पाय कुणाला न दाखवण्याचं कारण मात्र साधं होतं, आणि ते खोटं नव्हतं. दीडशे पोरांच्या भाकरी करणाऱ्या बाईच्या पायाला चिघळती जखम आहे, हे कळल्यावर जेवायला कोण येईल? लुगड्याचा काठ खाली, आत जुन्या धोतराच्या पट्ट्या. दुपारी पट्ट्या ओल्या व्हायच्या आणि वास सुटायचा. म्हणून अम्मांनी ओट्याखाली निखाऱ्यावर लोबान जाळायला सुरुवात केली. पोरांत गवगवा झाला की अम्मा लई देवभोळ्या झाल्या. परीक्षेच्या आधी काही पोरं त्या लोबानाच्या धुरावर हात फिरवून तोंडावरून घ्यायला लागली.

दिवाळीत खानावळ आठ दिवस बंद असते. त्या वर्षी अम्मा माहूरला गेल्या. देवीच्या पायऱ्या रोज चढल्या, रोज उतरल्या. दुपारी भक्तनिवासात करायला काम काही नाही, म्हणून गाठोड्यावर पाय टाकून पडून राहिल्या. पायऱ्यांपाशी एक जण कसल्याशा मुळ्यांचं तेल विकत बसला होता, ते पहिल्याच दिवशी घेऊन लावायला सुरुवात केली होती. पाचव्या दिवशी सूज उतरली आणि जखम कोरडी पडली. चालणं, पडून राहणं, पाय उंचावर ठेवणं, हेच मी नांदेडला दवाखान्यात बसून लोकांना सांगतो. अम्मांनी श्रेय तेलाला दिलं आणि सहा बाटल्या आणल्या. लातुरात ओट्यापुढं उभं राहून आठ दिवस झाले नाहीत तोच पाय पुन्हा पहिल्यासारखा. अम्मांनी निदान केलं, सहाच्या सहा बाटल्या नकली निघाल्या.

आणि मग जानेवारीत आम्ही त्यांचा सत्कार केला.

कुणाच्या डोक्यात आलं कोण जाणे, पण 'अम्मा कृतज्ञता सोहळा' असं ठरलं. हॉल घेतला. एकेचाळिसांतले अकरा जण हजर, बाकीच्यांनी शुभेच्छांचे व्हिडिओ पाठवले. व्यासपीठावर लग्नात नवरानवरीला असते तशी लाल मखमलीची खुर्ची होती. पण खुर्चीत बसलेल्या माणसाला शाल नीट घालता येत नाही, फोटोही चांगला येत नाही. म्हणून अम्मांना उभं केलं. अकरा डॉक्टर, प्रत्येकाचा परिचय, शाल, श्रीफळ, पाया पडणं, दोन शब्द. एक तास चाळीस मिनिटं अम्मा उभ्या होत्या. कोपऱ्यात लोबान जळत होता; तो अम्मांनी घरून आणवला होता. वातावरण किती मंगल आहे, असं त्यावर एक बालरोगतज्ज्ञ बोलले.

माझा नंबर नववा. निवेदकानं 'नांदेडचे रक्तवाहिन्यांचे सुप्रसिद्ध शल्यचिकित्सक' असा परिचय करून दिला. मी वाकलो, अम्मांच्या दोन्ही पायांना हात लावला, आणि डाव्या पायापाशी बोटं ओली झाली. मला वाटलं नारळाचं पाणी सांडलंय. रुमालाला बोटं पुसली आणि माईक घेतला. "आम्ही जे काही शिकलो ते अम्मांच्या पायाशी बसून शिकलो," असं मी म्हणालो. पुन्हा टाळ्या पडल्या.

माझ्याबरोबर गाडीत हुस्ना आली होती. माझ्या दवाखान्यात जखमांच्या पट्ट्या करायची खोली तिच्या ताब्यात आहे. मूळची अर्धापूरची, वडील केळीच्या गाड्या भरून देणारे. तीही लातुरात नीटला बसली होती, दोन वर्षं अम्मांकडंच जेवली. दोन्ही वेळा तिला कमी मार्क पडले, मग तिनं नर्सिंग केलं. 'लई गुणी पोरगी, पर वाया गेली,' असं अम्मा तिच्याबद्दल हळहळून बोलायच्या. भिंतीवर तिचा फोटो अर्थात नव्हता, आणि सोहळ्याच्या यादीतही नाव नव्हतं. ती हॉलमध्ये मागं बसली आणि नंतर खानावळीत अम्मांना भेटायला आत ओट्यापाशी गेली. तिथं काय झालं ते मला पुढं दोघींनी वेगवेगळ्या वेळी सांगितलं, आणि दोन्हीत फारसा फरक नाही.

"अम्मा, एवढा लोबान कशाला जाळता?"

"देवासाठी गं."

"देव तर पलीकडच्या खोलीत हाय. लोबान ओट्याखाली हाय."

अम्मांनी ताट काढलं. मग म्हणाल्या, "तू आधी ऊट कर."

"मी दिवसाला पंचवीस-तीस पाय बघते अम्मा. हा वास मला वळखू येतो. दाखवा."

"पोरगी हायस का पोलीस?"

हुस्ना खाली फरशीवर बसली आणि अम्मांचा पाय तिनं मांडीवर ओढून घेतला. अम्मा कळवळल्या. "शिवा शिवा! पाय नको गं धरू."

"सकाळपासून अकरा जणांनी धरलाय," हुस्ना म्हणाली. "मी बारावी."

तिनं पट्ट्या सोडल्या. अम्मांनी तिचा हात धरून सांगितलं, "वैजूला सांगू नको. लई मोठा डॉक्टर झालाय तो. त्याला कशाला असला घाण पाय दाखवायचा."

मी तेव्हा भिंतीखाली उभा राहून माझ्या मिशीवाल्या फोटोबरोबर फोटो काढून घेत होतो. हुस्ना आली. "सर, जरा आत या."

"एवढा फोटो होऊ दे."

"फोटो नंतर होईल सर."

मी आत गेलो. घोट्याच्या वर, आतल्या बाजूला, ओलसर, वेडीवाकडी कड असलेली जखम. भोवती काळपट कडक कातडी. वर पोटरी फुगलेली आणि खाली घोट्यापाशी पाय आवळलेला, उलट्या ठेवलेल्या बाटलीसारखा. परीक्षेत असा पाय मी दाराजवळून ओळखला होता आणि परीक्षकांनी माझी पाठ थोपटली होती. खिशातला रुमाल मी बाहेर काढला नाही.

"किती दिवस झाले?"

"दीड वरीस झालं आसंल."

"अम्मा, मला का नाही सांगितलं?"

"तू इचारलंस का?" अम्मा म्हणाल्या. रागानं नव्हे, खरोखरच आठवून बघत.

नांदेडला न्यायचं म्हटल्यावर अप्पांनी विचारलं, "मग दीडशे ताटांचं कसं?" त्याचं उत्तर न देताच आम्ही निघालो.

सोनोग्राफी केली. पायाकडं जाणारं रक्त व्यवस्थित होतं, अडचण परत वर येणाऱ्या रक्ताची होती. मी अम्मांना समजावून सांगायला बसलो. शिरांमध्ये छोट्या छोट्या झडपा असतात, रक्त वर गेलं की मागं येऊ नये म्हणून त्या मिटतात. त्या खराब झाल्या की रक्त खाली साचतं, पाय सुजतो, रक्तातला लोहाचा अंश कातडीत उतरतो, ती काळी पडते, कमजोर होते आणि शेवटी फाटते.

"म्हंजे दारं मोडली म्हण की."

"मोडली."

"उभं ऱ्हाऊन?"

"बरीच कारणं असतात अम्मा. आईकडून येतं, बाळंतपणं, वय, वजन..."

"पर उभं ऱ्हाऊन बी?"

"हो. उभं राहूनही."

अम्मांनी थोडा विचार केला. "ओटा मातर लई चांगला बांधला होता बाबा तुमी," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तो असता तर मला सोपं गेलं असतं. मी फाईलमध्ये बघत राहिलो.

उपाय सांगितला. बिघडलेली शीर लेझरनं बंद करायची. घट्ट पट्टी, थरावर थर, आठवड्याला बदलायची. हळद, तेल, ट्यूब, पूड, सगळं बंद. पाय छातीपेक्षा उंच ठेवून दिवसातून चार वेळा अर्धा-अर्धा तास पडायचं. मधूनमधून चालायचं. एका जागी उभं राहायचं नाही.

"आन औषध?"

"हेच औषध."

"पडायचं आन चालायचं? हे सांगाया एवढी वरसं शिकलास व्हय रे?"

हुस्ना पट्टी गुंडाळता गुंडाळता खाली मान घालून हसत होती.

अम्मा लातूरला परत आल्या त्या लेझर करून, पायाला पांढरी जाड पट्टी बांधून. आतल्या खोलीत पडलं तर स्वयंपाकावर लक्ष राहणार नाही, म्हणून बाज जेवणघरातच टाकली. पायाखाली तीन उशा आणि गोधडीची वळकटी. पहिली अडचण आली ती पाय कुणीकडं करायचे याची. आधी ते भिंतीवरच्या फोटोंकडं होत होते. "एवढ्या डॉक्टरांकडं पाय करून कशी पडू?" म्हणून बाज फिरवली, तर पाय बसवेश्वरांच्या तसबिरीकडं. पुन्हा फिरवली, तर दाराकडं, आणि दाराकडं पाय करून घरातून बाहेर काढायच्या माणसालाच ठेवतात. चौथ्या बाजूला हात धुवायची मोरी. शेवटी देवापेक्षा डॉक्टर परवडले.

ओट्यापुढं अप्पा उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांच्या भाकरीला आकार असा नसायचा. पोरं ताटात घेऊन तिच्यात जिल्हे ओळखायची. एकाला हुबेहूब नांदेड जिल्हा मिळाला म्हणतात. आठवडाभरात अप्पांनी हात टेकले, सरजाबाईंना तव्यावर बढती मिळाली आणि भांड्यांना नवी बाई आली. त्या आठ दिवसांच्या उभं राहण्यानं मूळव्याधीला मात्र चांगलाच आराम पडला, हे अप्पांनी मला मुद्दाम फोन करून कळवलं.

अम्मांना धास्ती होती ती पोरांची. पहिल्या दिवशी पोरं नेहमीसारखी आली. सगळी ताटात बघून जेवली. दुसऱ्या दिवशी उदगीरची शिवांगी नावाची मुलगी ताट घेऊन बाजेपाशी आली. आता ही जाते खानावळ सोडून, असं अम्मांना वाटलं.

"अम्मा, अप्पा सांगत होते, तुमच्या झडपा खराब झाल्यात का? आम्हाला धडा हाय तो."

"व्हय गं. दारं मोडलीत."

"आमच्या सरांनी फळ्यावर काढून दाखवलं, पण कळलं नाही. रक्त खालून वर चढतं तरी कसं?"

अम्मा उठून बसल्या. "तुमच्या गावात हापसा हाय का? हापसा हाणल्याबगर पाणी वर येतंय का? पोटरी म्हंजे हापसा. चाललं की हाणला जातोय. उभं ऱ्हायलं की बंद. आन बंद हापशाखाली चिखल व्हतोय, तसं हे." त्यांनी घोट्यापाशी पट्टीवर बोट टेकवलं.

दुसऱ्या दिवशी पाच मुली आल्या, मग पोरं. एकानं वहीत पायाचं चित्र काढलं आणि झडपांना नावं दिली. खानावळ सोडून कुणीच गेलं नाही. याचा अम्मांना आनंद व्हायला हवा होता, पण त्या दोन दिवस फुरंगटून बसल्या. "एवढा लोबान उगंच जाळला," असं त्या सरजाबाईंना म्हणाल्याचं मला कळलं.

हुस्नानं लातुरातल्या आपल्या एका मैत्रिणीला पट्टी बांधायला शिकवलं होतं. ती दर आठवड्याला यायची, आणि महिन्यातून एकदा अम्मा नांदेडला. अशाच एका खेपेला अम्मांनी हुस्नाकडं फोटो मागितला, भिंतीवर लावायला.

"नको अम्मा. दोनदा नापास झालेलीचा फोटो बघून नवी पोरं पळून जातील."

"मी सांगते त्येंला."

"काय सांगता?"

अम्मांना ते नीट जुळवता आलं नाही. "तू बस गं," एवढंच म्हणाल्या आणि डब्यातली शेंगदाण्याची चटणी तिच्यापुढं सरकवली. फोटो आजतागायत लागलेला नाही. अप्पांचं म्हणणं पाटीवर 'डॉक्टर' लिहिलंय, आणि पाटी नवी करायला पेंटर सापडत नाही.

जखम सरळ भरली असती तर सांगण्यासारखं काही नव्हतं. एप्रिलपर्यंत ती रुपयाएवढी झाली. मे महिन्यात निलंग्याकडं भाच्याचं लग्न. लातूरचं ऊन, पायाला चार थरांची पट्टी, आतून घामाची खाज; अम्मांनी लग्नाच्या आदल्या दिवशी विळीवर पट्टी कापून काढली आणि दोन दिवस उभं राहून पुरणपोळ्या लाटल्या. वधूपक्षानं फार तारीफ केली. जखम होती तेवढी झाली. नांदेडला हुस्नानं एक शब्द न बोलता पट्टी बांधली. जाताना अम्मा म्हणाल्या, "काय तरी बोल की." हुस्ना म्हणाली, "तुमच्या भाच्याला सुखाचा संसार लाभो." अम्मा नंतर मला म्हणाल्या, अशी शिवी त्यांना आयुष्यात कुणी दिली नव्हती.

त्यानंतर त्यांनी पट्टीला हात लावला नाही. पोळ्याच्या सुमारास जखम मिटली. वर गुलाबी, पातळ कातडी आली. अम्मांनी पाय उजेडात धरून बघितला.

"ह्यो काळा रंग कवा जाणार?"

"तो नाही जाणार अम्मा."

"आन सूज?"

"मोजा घातला तर येणार नाही. रोज सकाळी उठल्या उठल्या घालायचा. कायमचा."

"मंग बरं काय झालं रे?"

"जखम."

"तेवढंच?"

"तेवढंच," मी म्हणालो. आमच्या शास्त्रात ते पुष्कळ समजतात, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

तो मोजा इतका घट्ट की सकाळी चढवायला अप्पा आणि सरजाबाई दोघं लागतात. अम्मा रोज अर्धा तास गल्लीतून चालतात. भाजीवाल्या, इस्त्रीवाली, क्लासच्या दाराशी दिवसभर उभा असणारा वॉचमन, सगळ्यांच्या पायांकडं बघत जातात. आधी त्या माणसाच्या तोंडाकडं बघून 'ऊट झालं का' विचारायच्या, आता नजर खाली असते. चौघांना त्यांनी माझ्याकडं पाठवलं. त्यातल्या तिघांचं निदान बरोबर होतं. चौथ्याला नुसता चावरा बूट होता.

गेल्या महिन्यात कामानिमित्त लातूरला गेलो, तेव्हा जेवायला थांबलो. संध्याकाळचे सात, पोरांची गर्दी, ओट्यापुढं सरजाबाई घामाघूम होऊन भाकरी थापत होत्या. मी ताट घेऊन आतच उभा राहिलो. अम्मा फेरी मारून आल्या, थेट सरजाबाईंच्या मागं गेल्या, कमरेत वाकल्या आणि त्यांच्या लुगड्याचा काठ वर करून नडगीवर अंगठा दाबून धरला.

"आगं बाई!" सरजाबाई ओरडल्या. "दर घंट्याला हेच करून ऱ्हायली ही! पोरं बघतेत, लाज न्हाई का तुला?"

अम्मांनी अंगठा उचलला. नडगीवर खळगा तसाच राहिला, पिठात बोट रुतवल्यासारखा.

"वैजू, हिकडं ये. बघ किती खोल हाय."

"मला काय बी झालं न्हाई," सरजाबाई मला म्हणाल्या. "हिला मोजा लागला म्हून समद्यांला लावून ऱ्हायली. सरका, भाकर करपती."

"करपू दे," अम्मा म्हणाल्या आणि त्यांनी हात लांब करून गॅस बंद केला. मग अप्पांच्या टेबलामागची खुर्ची आणि पलीकडचं स्टूल ओढून आणलं, सरजाबाईंना खांदे दाबून खुर्चीत बसवलं आणि त्यांचे पाय धरून स्टुलावर ठेवले. अप्पा कार्डं हातात घेऊन उभे राहिले. मी ताट ओट्यावर ठेवलं आणि सरजाबाईंच्या पायाशी खाली बसलो. त्या दिवशी दीडशे पोरांना जेवण अर्धा तास उशिरा मिळालं.